दस्त्यावरचा आज्याचा गाल

अहो, तुमचं तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी तुमच्या रायफलीवरून घरात वादाला तोंड फुटलं. म्हणजे सगळं तुमच्या मनासारखंच चाललंय म्हणायचं.

वैशाली सासरी परत जाताना मला म्हणाली, "आई, बाबांविषयी चार चांगले शब्द लिहून काढ. मन मोकळं होईल." पोरगी तुमची. तिला वाटतं चार सापडतील. मी बसले आहे लिहायला, पण चांगले शब्द सगळे दहाव्यालाच संपवले तुमच्या भाऊबंदांनी. नदीवर एकेक जण उठून बोलत होता आणि मला वाटायला लागलं, आपण चुकून दुसऱ्या कुणाच्या दहाव्याला आलोय. देवमाणूस म्हणाले तुम्हाला. देवाला पुढ्यात ठेवलेला गार नैवेद्य चालतो हो. तुम्हाला ताटात पडलेल्या भाकरीतून वाफ निघाली नाही, तर ताट सरकवून उठायची सवय होती.

कावळा शिवेना, तेव्हा तर मजाच झाली. पिंड मांडून सगळे उन्हात उभे. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, एक खाली उतरेना. एकानं सांगितलं, पोरीकडं बघतो म्हणावं. दुसरा म्हणाला, वहिनींना काही कमी पडू देणार नाही म्हणावं. कावळे ढिम्म. मला हसू येत होतं, पदर तोंडाला लावून उभी राहिले. बायकांना वाटलं, बांध फुटला. शेवटी तुमचा दोस्त बाबगोंडा म्हणाला, "धनंजय, रायफलीचं बोल की लेका. त्याचा जीव तितं अडकलाय." आपला धनंजय हात जोडून पुढं झाला. "बाबा, आज्याच्या गालाला कुणाला हात लावू देत न्हाई. दस्ता हाय तसा ठेवतो." आणि कावळा उतरला. सगळ्यांच्या अंगावर काटा आला. मला विचाराल तर, त्याला तेवढ्यात भूक लागली असेल. पण मनात आलंच, बायकोच्या नावानं न उतरणारा नवरा लाकडाच्या तुकड्यासाठी उतरला.

त्या रायफलीविषयी तुम्ही आल्यागेल्याला काय सांगत होता, ते मला तोंडपाठ आहे. संस्थानच्या काळात तुमचे आजोबा शिकारखान्यात होते. विलायती रायफल त्यांना बक्षीस मिळाली. मचाणावर बसून, खांद्याला लावायच्या लाकडी दस्त्याला गाल टेकवून, ते जनावराची वाट बघत. असं आयुष्यभर केलं, म्हणून दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड एका जागी झिजलं, रंग उडाला, तळहाताएवढा फिकट खड्डा पडला. तिथं आलात की तुम्ही थांबायचा. पाहुण्याचा हात धरून त्या खड्ड्यावर ठेवायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "ह्यो आज्याचा गाल." पाहुणा तोच हात भक्तीनं कपाळाला लावायचा. मी आतून चहा घेऊन यायची. चहा देणाऱ्या बाईकडं कोण बघतो?

आता तुम्ही नाही, तेव्हा नीट सांगते. बायकांनी बंदुकीला हात लावायचा नाही, असा आपल्या घराचा कायदा होता. पण खंडेनवमीला तिची पूजा व्हायची आणि पूजा झालेली वस्तू धुतल्याशिवाय पुन्हा भिंतीवर जायची नाही, हा आत्तींचा कायदा. माझी सासू ती, तुमची आई. तिच्या कायद्यापुढं तुमचा कायदा कुठला टिकतोय? रायफल पाटावर आडवी ठेवायची. तिची काडतूस भरायची लोखंडी दांडी उजवीकडं बाहेर येते, म्हणून ती बाजू नेहमी वर. दस्त्याच्या रुंद जागेवर तेलात कालवलेलं हळदकुंकू मळवट भरल्यासारखं भरायचं. दुसऱ्या दिवशी तो लाल डाग लाकडात मुरलेला असायचा. मग चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या. देवाची तांब्याची भांडी घासतात तसंच. मी लग्न होऊन आले त्या वर्षी आत्तींनी माझ्या हातात काथ्या दिला आणि म्हणाल्या, "घास चांगलं. कुंकवाचा डाग ऱ्हायला तर तुझा सासरा बोंबलंल." त्यांच्या आधी त्यांच्या सासूनं घासलं असेल. त्यांच्यानंतर मी. तुम्ही त्या दिवशी गल्लीतल्या लोकांना सोनं वाटत हिंडत असायचा.

तो खड्डा आम्ही पाडला हो. घासून घासून.

मला त्याचा राग नव्हता. राग होता तुमच्या त्या हळू आवाजाचा. माझ्याशी बोलताना तो आवाज तुम्ही कधी वापरला नाहीत. म्हणून मी दरवर्षी टुमणं लावायची, "एकदा पॉलिश मारून घ्या दस्त्याला. लाकूड उघडं पडलंय, दिसतंय कसं." तुमचं उत्तर ठरलेलं, "माझ्या मढ्यावरनं." घ्या, आता तीही अडचण राहिली नाही.

रायफलीवर तुमचा जीव होता, हे मात्र कुणी नाकारायचं नाही. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. तुम्ही ती माझ्या लग्नातल्या शालूत गुंडाळून न्यायचा. मला विचारलंसुद्धा नव्हतं. कपाटातून काढला, गुंडाळला, निघालात. वैशालीला सासरी पाठवताना तुमचे डोळे कोरडे होते, पण ठाण्यातून रिकाम्या हातानं आलात की दोन घास धड जायचे नाहीत. आणि एवढं करून त्या रायफलीनं तुम्ही चिमणीसुद्धा मारली नाहीत. शिकार कधीच बंद झाली होती, तिची काडतुसं कुठं मिळत नव्हती. कारखान्यातून पाळी करून यायचा, खुर्चीत बसायचा आणि रिकामी रायफल भिंतीवरच्या पालीवर धरायचा. पाल जायची नाही. तिलाही माहीत झालं होतं.

वैशालीला मारलंत तो दिवस मी तुम्हाला अजून माफ केलेला नाही. मेलात म्हणून माफ, असं काही नसतं. ती तेरा-चौदाची असेल. तुम्ही अंघोळीला गेलात, तेव्हा तिनं रायफल उचलली आणि खांद्याला लावली. डावखुरी पोरगी, डाव्या खांद्यालाच लावणार. तिचा गाल अगदी नेमका त्या खड्ड्यात बसला. तुम्ही टॉवेल गुंडाळून दारात उभे. ती खुशीत ओरडली, "बाबा, माझा गाल बरोबर बसतोय बघा!" तुम्ही अशी कानाखाली ओढलीत की पोरीच्या कानातली रिंग तुटून चुलीजवळ पडली.

मी भाकरी थापत होते. सगळ्यांना वाटलं, मुलीच्या जातीनं हत्याराला हात लावला म्हणून तुम्ही भडकला. मला तुमचा चेहरा दिसत होता. भिंतीवरच्या फोटोत तुमच्या आजोबांनी रायफल उजव्या खांद्याला लावली आहे. उजव्या खांद्याला लावली की गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला येतो. झीज आहे उजव्या बाजूला. एवढी वर्षं तुम्ही तिच्यावर हात फिरवला आणि हे तुम्हाला दिसलं नव्हतं. डावखुऱ्या पोरीनं ते तुम्हाला नुसतं उभं राहून दाखवलं. तुम्ही तिला त्यासाठी मारलंत.

तेव्हा मी बोलले. परातीतून हात न काढता बोलले, "तिला कशाला मारताय? तो आज्याचा गाल न्हाई. माझा न् आत्तींचा हात हाय त्यो."

तुम्ही तिच्या हातातली रायफल घेऊन भिंतीला लावलीत. मग म्हणालात, "भाकरी करपाय लागलीया, तिकडं बघ."

आणि भाकरी खरंच करपली होती. तुमचं हेच मला कधी पेललं नाही. वेळेवर खरं बोलायचा, पण भलत्याच गोष्टीचं.

त्यानंतर मला वाटलं, आता तरी ती गोष्ट बंद होईल. कुठली बंद होते! पुढच्याच रविवारी पाहुणे आले आणि तुम्ही त्यांचा हात धरून, त्याच आवाजात, "ह्यो आज्याचा गाल." उलट आधीपेक्षा जास्त रंगवून. मी पॉलिशचं नाव काढलं, तर पूर्वी नुसते नाही म्हणायचा, आता अंगावर धावून यायला लागलात. मला वाटलं, माणूस किती निगरगट्ट असावा.

तुमचं एक चांगलं लिहिते, नाहीतर वैशाली म्हणेल आईनं नुसतं विष ओकलं. माझी आई माहेरी, गडमुडशिंगीला, शेवटच्या घटका मोजत होती आणि पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं होतं. मी म्हटलं, राहू दे. तुम्ही काही न बोलता स्कूटर काढलीत. इकडून रस्ता बंद, तिकडून बंद. शेवटी एका ठिकाणी कमरेएवढ्या पाण्यातून तुम्ही स्कूटर ढकलत नेली आणि माझा दंड दुसऱ्या हातानं धरून ठेवलात. इतका घट्ट की वळ उठले. मला आई जिवंत भेटली. तिनं मला ओळखलं. हे तुमचे उपकार, आणि मी ते कुणापुढंही कबूल करीन. मग पुढं जन्मभर, काही बिनसलं की, "तुझ्या आईपायी माझ्या स्कुटरचं इंजिन गेलं" हे ऐकवलंत ते वेगळं. तुम्ही चांगलं करायचा आणि मग त्याची चव घालवायचा.

मीही काही कमी नाही. तुम्हाला लकवा मारला, वाचा गेली, तोंड वाकडं झालं. रोज संध्याकाळी बाबगोंडा यायचा. तो बिचारा जैन माणूस, पाण्यातली मुंगी काढून कोरड्यावर ठेवणारा. तरी उभा जन्म तुमच्या शिकारीच्या गोष्टी ऐकत आला. तुम्ही बोटानं भिंतीकडं खूण करायचा, मग तो रायफल काढून तुमच्या मांडीवर ठेवायचा. तुमचा चालता हात त्या खड्ड्यावर फिरायचा. एकदा बाबगोंडा माझ्याकडं वळून म्हणाला, "वैनी, तुमी सांगा की आता. आज्याचा गाल."

मी सांगितलं. सगळं सांगितलं. हळदकुंकू, चिंच, राख, काथ्या, उजवी बाजू, डावी बाजू, पोरीच्या कानातली रिंग. तुमच्यासमोर, तुमच्या डोळ्यांत बघून सांगितलं. तुम्हाला उत्तर देता येत नव्हतं, म्हणूनच सांगितलं. बाबगोंडा आधी कावराबावरा झाला, मग पोट धरून हसला. तुमच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता, रडण्याचा होता, का मला शिवी होती, कळलं नाही. ओठाच्या कडेनं लाळ आली, ती मी पदरानं पुसली. तुमचा हात खड्ड्यावरून हलला नाही, हे मात्र मी पाहिलं. वाईट वाटलं का? नाही वाटलं. रात्री जेवणही नेहमीसारखं गेलं. तुम्ही मला या घरात इतकी वर्षं असंच गप्प बसवलं होतं, आणि तेही माझं तोंड धडधाकट असताना.

पण राहिलंच ना. तुम्ही त्या आवाजाचा अर्थ न सांगता गेलात. भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुमची जुनी खोड.

आता परवाचं सांगते. लायसन्स तुमच्या नावावर होतं, त्यामुळं तुमच्या माघारी रायफल घरात ठेवता येईना. धनंजयनं ती शहरातल्या बंदुकीच्या दुकानात जमा केली आहे. त्याच्या नावावर करायची तर माझी ना-हरकत लागते. ती सही द्यायला मी त्याच्याबरोबर गेले. जाताना रिक्षात माझ्या मनात एकच गोष्ट होती. दारावरची पाटी तुमच्या नावाची. घर, रान तुम्ही आधीच धनंजयच्या नावावर केलेलं. शिवलेल्या गोधड्या फाटून गेल्या, घातलेली लोणची लोकांनी खाल्ली. या घरात माझ्या हाताची खूण म्हणून काही राहिलं असेल, तर त्या दस्त्यावरची झीज. आणि तीही तुमच्या आज्याच्या नावावर. निदान एकदा ती माझ्या नावानं कुणी म्हणावी. बस्स, एवढीच इच्छा होती.

दुकानदारानं रायफल गल्ल्यावर आडवी ठेवली. माणूस सरळ होता. म्हणाला, "काकू, दस्ता लई झिजलाय. घासून पॉलिश मारूया का? जवसाचं तेल पाजलं तर नव्यावानी हुईल."

धनंजय अंगावर साप पडल्यासारखा ओरडला, "न्हाई न्हाई! हात लावायचा न्हाई! बापाच्या पिंडाला शब्द दिलाय मी." आणि त्यानं दुकानदाराचा हात धरला, खड्ड्यावर ठेवला आणि थांबला. तुमच्याइतकाच थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "ह्यो आज्याचा गाल."

अहो, तो तुमचा आवाज होता. तुम्ही गेल्यापासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका कुजबुजत होत्या, हिचं काळीज दगडाचं म्हणून. त्या दुकानात, बंदुका टांगलेल्या भिंतीसमोर, मला रडू कोसळलं. आवाज आहे आणि माणूस नाही, हे मला तेव्हा कळलं. तुमची आठवण येते मला. राग आला की जास्त येते, काढायचा कुणावर?

दुकानदार गडबडला. विषय बदलावा म्हणून त्यानं विचारलं, "काकू, खरंच आज्याचा गाल व्हय?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "न्हाई. मी घासलंय ते. माझ्या आदी सासूनं. दर खंडेनवमीला, चिंच-राख लावून." बाजू कुठली, गाल कुठं येतो, तेही दाखवलं. अखेर भरदिवसा, चारचौघांच्या जागी, खरं सांगून झालं.

दुकानदारानं रायफल उलटीपालटी करून पाहिली. म्हणाला, "बरोबर हाय की. म्हंजी घासून खराब केलंय म्हणा. मग तर पॉलिश माराच."

धनंजय माझ्याकडं वळला. मला वाटलं, आता पोरगा माझा हात हातात घेईल. तो म्हणाला, "हात्तिच्या! मग मारून टाका पॉलिश. उगंच आज्याचं म्हणून जपत बसलो."

कावळ्याला दिलेला शब्द एका वाक्यात गेला. वडिलांच्या पिंडापुढं दिलेला शब्द मोडायचंही त्याला काही वाटलं नाही, कारण त्याच्या लेखी मोडायला काही उरलंच नव्हतं. आज्याचा गाल असतो तोवर ती खूण. आईचा हात निघाला की तोच खड्डा म्हणजे नुकसान, भरून काढायचं.

आणि तिथं दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या मला तुमचं ते अंगावर धावून येणं आठवलं. मी खरं सांगितल्यानंतरची तुमची सगळी वर्षं आठवली. तुम्हाला माहीत होतं तो गाल कुणाचा नाही ते. तरी पॉलिशवाल्याला दस्त्याजवळ फिरकू दिलं नाहीत. तुमच्या खोट्यानंच माझे हात त्या लाकडावर राहिले. माझ्या खऱ्यानं ते अर्ध्या मिनिटात पुसायला निघाले होते. हे तुम्ही समजून-उमजून केलंत का? फार फुशारू नका, मला नाही वाटत तुम्ही तेवढे चांगले होता. तुम्हाला आपली मिरवायला गोष्ट पाहिजे होती. पण नसेलच असं तरी कसं म्हणू? तुम्ही बोलला असता तर ना.

दुकानदार आतल्या माणसाला हाक मारत होता. मी सहीसाठी उघडलेल्या पेनाचं टोपण लावलं आणि पेन गल्ल्यावर ठेवलं.

"दस्त्याला हात लावायचा असंल तर माझी सही न्हाई," मी म्हटलं.

"आगं पर आई, तूच म्हणालीस की—"

"म्हटलं हुतं. आता ऱ्हाऊ दे."

"मग लोकांनी इचारलं तर काय सांगू?"

"तुझा बाप सांगायचा त्येच. आज्याचा गाल."

धनंजयला काही उमगलं नाही. दुकानदारानं खांदे उडवले आणि मी सही केली. तेवढ्यात पन्हाळ्याकडचा एक शेतकरी आला. रानडुकरांनी मका खाल्ला म्हणून बंदूक दुरुस्तीला आणली होती. गल्ल्यावरची रायफल बघून तो थबकला. "मावशी, ह्यो खड्डा कशाचा ओ?"

धनंजयनं माझ्याकडं पाहिलं. मी त्या पाहुण्याचा हात धरून माझ्याच हातांच्या खुणेवर ठेवला, थोडी थांबले आणि तुमच्या आज्याची सगळी गोष्ट सांगितली. मचाण सांगितलं, गाल सांगितला, आणि म्हाताऱ्यानं जन्मात न मारलेला एक बिबट्या मी पदरचा घातला.